सापडलेली वस्तू आणि भरपाई : ‘हिदाया’तील एका नियमाचे परीक्षण

समजा प्रयोगशाळेत तुम्हाला एक कॅल्क्युलेटर सापडला. तुम्ही सूचना लावली, बरीच वाट पाहिली, मालक आला नाही. शेवटी तो एका गरजू मुलाला दिला. पुढच्या सत्रात मालक आला. आता भरपाई कोणी करायची?

फरगाना खोऱ्यातील बुऱ्हानुद्दीन मर्गिनानी (मृत्यू ११९७) यांनी ‘हिदाया’ या हनफी विधिग्रंथात या प्रश्नाचा विचार केला आहे. सापडलेल्या वस्तूला तेथे ‘लुकता’ म्हणतात. परत करण्यासाठी उचलत आहोत, असे साक्षीदारांसमोर सांगून उचललेली वस्तू सापडणाऱ्याकडे अमानत, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव होते. ती आपोआप नष्ट झाली तर भरपाई नाही. दहा दिरहमांहून कमी किमतीच्या वस्तूची काही दिवस आणि त्यापुढच्या वस्तूची वर्षभर जाहीर वाच्यता करायची. मुदती बंधनकारक नाहीत, मालक आता शोधत नसेल अशी खात्री होईपर्यंत सांगत राहावे, असे दुसरे मतही ग्रंथात नोंदवले आहे. त्यानंतर वस्तू दान करता येते किंवा मालकाच्या आशेने जपून ठेवता येते.

दान केल्यावर मालक आला, तर त्याला निवड आहे: दान मान्य करून पुण्य घ्यावे, नाहीतर भरपाई मागावी. काळ लोटला म्हणून मालकी संपत नाही, हे या नियमाचे मोठे बळ आहे.

पण भरपाईसाठी दिलेला दाखला तपासून पाहा. उपासमारीत दुसऱ्याचे अन्न खाण्याची मुभा असते, तरी किंमत द्यावी लागते. तसेच येथेही, असे मर्गिनानी म्हणतात. माझ्या मते ही तुलना लंगडी आहे. उपाशी माणसाचे स्वतःचे पोट भरते. दान करणाऱ्याच्या हाती काहीच येत नाही.

‘त्याने वस्तू जपून ठेवायची होती,’ असे उत्तर देता येईल. मात्र मग जपून ठेवणे सुरक्षित आणि दान करणे धोक्याचे ठरते. सावध माणूस वस्तू कपाटात ठेवील आणि गरिबाला काहीच मिळणार नाही.

यावरचा एक मार्ग आपल्याकडे दिसतो. बँकांत दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात. तरीही ठेवीदाराचा हक्क कायम राहतो. तो आला की बँक पैसे देते आणि निधीतून परत घेते. भार एका माणसावर पडत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा: मालकाचा हक्क जपण्याचे मर्गिनानींचे तत्त्व पक्के आहे, पण त्याची किंमत त्यांनी एकट्या प्रामाणिक माणसाकडून घेतली. तुम्हाला हे पटते का? नसेल, तर उपासमारीच्या दाखल्यापेक्षा चांगला दाखला शोधून मर्गिनानींची बाजू मांडून पाहा.