अठरावा वाढदिवस आणि काळजीचा कायदा

नियमच नकोत म्हणणाऱ्यांना आपण आधी दोन गावांची आठवण करून देऊ. ठाणे जिल्ह्यातल्या कवडासच्या संस्थेत मतिमंद मुलं कुपोषणाने दगावल्याच्या बातमीची दखल 2010 मध्ये उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली. पुढच्याच वर्षी पनवेलजवळच्या कळंबोलीत अशाच एका संस्थेतल्या मुलींवरचे अत्याचार उघडकीस आले. ज्याला स्वतःची तक्रार सांगता येत नाही, त्याच्या दारात तपासणी यायलाच हवी. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने नोंदणी सक्तीची केली, ते योग्यच झालं.

प्रश्न पुढचा आहे. नियम नेमकं काय विचारतो? तो विचारतो, वय किती? 2015च्या बाल न्याय कायद्यानुसार 18 पूर्ण झाली की 'बालक' संपलं. पुढची मदत 21पर्यंत, अपवाद म्हणून 23पर्यंत. तोवर मुलगा कमावता होईल, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. पण ज्याला घास भरवावा लागतो, तो वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी आपल्या हाताने जेवायला लागतो का हो?

हा प्रश्न आपल्या विदर्भातूनच मोठ्याने विचारला गेला. परतवाड्याजवळच्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी शंभरावर बेवारस दिव्यांग मुलांना बापाचं नाव म्हणून स्वतःचं नाव दिलं. अठरानंतरही त्यांना तिथेच राहू द्या, ही मागणी त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरली. 2024 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माणसाचा सत्कार करणं सोपं. त्याचं म्हणणं कायद्यात उतरवणं अवघड.

तरी आम्ही इथेच थांबत नाही. 'आजन्म' याचा अर्थ 'कायम एकाच भिंतीआड' असा झाला, तर तेही चूकच. भारताने 2007 मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारात, कुठे आणि कोणासोबत राहायचं ही निवड दिव्यांग व्यक्तीची मानली आहे. शिवाय एका बाबांच्या आयुष्यावर शंभर जणांचं आयुष्य किती काळ टांगून ठेवणार?

म्हणून वय न मोजता गरज मोजा. माणूस हलवायचाच असेल, तर त्यात त्याचं हित काय, हे आधी लेखी सांगा. शब्दांत नाही, तर खुणेने, चेहऱ्याने तो काय सांगतो ते त्याला ओळखणाऱ्यांकडून समजून घ्या. अशी माणसं फार थोडी असतात. त्यांच्यापासून त्याला तोडणारा नियम कागदावर कितीही निर्दोष असो, त्याला संरक्षण म्हणता येणार नाही.