बायबलातली सड आणि तिला हात लावणारे

आपल्या लिखाणावर एक ठरलेला शेरा असतो : फार घाण आहे हो. १९७२ साली 'गोलपिठा' आला, त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती, तरी शेरा काही हलला नाही. पू, गटार, किडे, मेलेलं ढोर हे शब्द कागदावर आले की पांढरपेशा समीक्षक रुमाल नाकाला लावतो. फारच उदार असला तर 'बीभत्स रस' अशी चिठ्ठी चिकटवून मोकळा होतो. वासाचं काम रसावर भागवलं!

अशा मंडळींनी एकदा बायबल उघडावं. मी ख्रिस्ती नाही. मी ते वाचलं ते एक साहित्य म्हणून, अधूनमधून, पण पुष्कळ वर्षं. आणि वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत गेली की कोट्यवधी माणसं ज्याला पवित्र म्हणतात त्या पुस्तकाला घाण वास येतो आणि ते तो लपवत नाही. जखमा चिघळतात, धान्यात किडे पडतात, हाडं आतून सडतात, भिंतीला बुरशी चढते, मढं चौथ्या दिवशी घाण मारतं. प्रश्न सड आहे की नाही हा नव्हेच. सड कुणाची म्हणून दाखवलीय आणि तिला हात कोण लावतो, हे मला बघायचंय.

सुरुवात कायद्यापासून करू. 'लेवीय' नावाचं पुस्तक आपल्या वाचकाला अंगावर काटा आणेल. मेलेल्या जनावराला शिवलात तर विटाळ. ज्याच्या कातडीवर त्साराअत उठलं त्यानं फाटके कपडे घालायचे, तोंड झाकायचं, 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडत जायचं आणि छावणीच्या बाहेर राहायचं. आता हे वाचून कुणाला पेशवाईतलं गळ्यातलं मडकं आणि कमरेचा झाडू आठवला नाही तर तो आपला वाचकच नव्हे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन'मध्ये त्याची नोंद केलेली आहे.

पण घाईनं दोन्ही एका खुंटीला टांगू नयेत. फरक आहे, आणि तो लहान नाही. तिथला ढोराचा विटाळ संध्याकाळपर्यंतचा. कपडे धुतले, दिवस मावळला, माणूस मोकळा. माणसाच्या मढ्याला शिवलं तर सात दिवस. कातडी बरी झाली तर विधी करून परत घरात. मुख्य म्हणजे हा विटाळ शिवण्यानं येतो, जन्मानं येत नाही. मढ्याचा विटाळ काढायला तांबड्या कालवडीची राख लागते, आणि ती राख गोळा करणारा माणूसही संध्याकाळपर्यंत अशुद्ध होतो, विधी करणारा याजकसुद्धा. शुद्ध करणाराच बाटतो! आमच्याकडं असं कधी ऐकलंय? इथं ढोर ओढणाऱ्याचा विटाळ त्याच्या नातवाला पोचतो, आणि ते ढोर ज्याच्या गोठ्यात मेलं तो मालक मात्र चोख राहतो. १९२७ च्या मार्चात महाडच्या परिषदेत मेलेली जनावरं ओढू नका, ते मांस खाऊ नका असं सांगितलं गेलं, ते ह्या न मावळणाऱ्या दिवसाला उद्देशून होतं.

त्साराअतबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथं भाषांतरानं घोळ केलाय. मराठीत त्याला कुठं महारोग म्हटलं, कुठं कुष्ठरोग. पण हे त्साराअत माणसाच्या कातडीला होतं, लोकरीच्या कापडाला होतं, आणि घराच्या भिंतीलाही होतं. भिंतीला महारोग? उघड आहे की बुरशी, खवले, डाग, ओल अशा सगळ्या बिघडण्याला मिळून तो एक शब्द आहे. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो हाच, असं त्या वर्णनावरून ठरत नाही. तरी पुढं शेकडो वर्षं प्रवचनकारांनी पाप म्हणजे कुष्ठ असा पाढा म्हटला आणि खऱ्या कुष्ठरोग्याच्या वाट्याला पाप्याची नजर आली. एका शब्दाची चूक एखाद्याच्या आयुष्यावर कशी बसते ते इथं दिसतं. जाता जाता : घराची भिंत तपासायला याजक येण्याआधी घर रिकामं करायची आज्ञा त्याच नियमात आहे, म्हणजे सामान विटाळात जाऊ नये. कायदा करणाऱ्याला गरिबाच्या गाडग्यामडक्याची काळजी होती असं म्हणायला जागा आहे.

आणि 'गणना'च्या नवव्या अध्यायातली ती चार-पाच माणसं! किती होती ते दिलेलं नाही, नावंही नाहीत. वल्हांडणाचा सण आलाय आणि ही माणसं मढ्याला शिवलेली. ती सरळ मोशेसमोर जाऊन विचारतात की आम्हाला का वगळता? मोशे थांबतो, देवाला विचारतो, आणि निकाल येतो की अशांनी पुढच्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी सण करावा. म्हणजे ज्यांनी कुणाचं तरी मढं उचललं त्यांच्या तक्रारीवर सणाची तारीख वाढली. सगळ्या धर्मशास्त्रात मला हा तुकडा फार मोलाचा वाटतो, आणि प्रवचनात तो फारसा ऐकू येत नाही. मुख्य याजकाला तर आईबापाच्या मढ्याजवळही जाता येत नाही. मग उचलायचं कुणी? अहरोनाची दोन पोरं वेदीपाशी मेली तेव्हा मोशेनं मीशाएल आणि एलसाफान ह्या भाऊबंदांना बोलावून ती बाहेर न्यायला लावली. भाऊबंद! वेशीबाहेरची निराळी जात बोलावली नाही.

इथपर्यंत सड म्हणजे शिवणं. संदेष्ट्यांच्या आणि शहाण्यांच्या लिखाणात ती आत शिरते. 'नीतिसूत्रे' हेव्याला हाडांची सड म्हणतात. यशया अख्ख्या देशालाच तळव्यापासून डोक्यापर्यंत न बांधलेल्या, न चोळलेल्या जखमांचं अंग करतो. ही प्रतिमा आपल्या भाषेला परकी नाही. आपण 'कुजकं बोलणं' म्हणतो, 'सडक्या डोक्याचा' म्हणतो. पौलाच्या इफिसकरांच्या पत्रात तोंडातून सडकं बोलणं निघू नये असं आहे, तिथला ग्रीक शब्द 'साप्रोस'. मराठी भाषांतरकारांना तिथं 'कुजकं' हाती लागलं ते घरचंच होतं. मात्र हाच 'साप्रोस' जाळ्यातल्या माशांच्या दाखल्यात येतो, आणि नुकता ओढलेला मासा सडका कसा असेल? तिथं अर्थ होतो टाकाऊ, बिनकामाचा. सडलेला आणि टाकलेला, दोघांना एक शब्द! काही गोष्टी सडतात म्हणून टाकल्या जातात आणि काही टाकल्या म्हणून सडक्या ठरतात. दुसऱ्या प्रकारातल्यांनी हा शब्द जपून वाचावा.

आता जिथं माझं ह्या पुस्तकाशी भांडण आहे तिथं येतो. गेहजी हा अलीशा संदेष्ट्याचा नोकर. नामान सेनापती बरा होतो, अलीशा बक्षीस नाकारतो, गेहजी मागं धावत जाऊन खोटं बोलून दोन पोशाख आणि चांदी घेतो. लबाडी आहेच. पण शिक्षा काय? नामानाचं कोड गेहजीला, आणि त्याच्या वंशाला कायमचं. सेनापतीचं दुखणं नोकराच्या अंगावर उतरलं, आणि नोकराच्या अजून न जन्मलेल्या पोरांवरही! ही गोष्ट आपल्या गावात सांगितली तर कुणालाही नवी वाटणार नाही. मिर्याम आणि अहरोन दोघंही मोशेविरुद्ध बोलतात, कातडी पांढरी होते ती एकट्या बाईची. हेरोद राजा किडे पडून मरतो, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात (प्रॉटेस्टंटांच्या बायबलात ते नसतं) अंतियोखाच्या वासानं त्याचं सैन्य हैराण होतं. जुलमी राजाला किडे पडले की वाचकाला बरं वाटतं, मलाही वाटतं. पण हाच हिशेब उलटा लावला की ज्याला किडे पडले तो पापी. मग गरिबाच्या चिघळलेल्या पायाचं काय?

ह्या हिशेबाला बायबलातच विरोध आहे, आणि तो ईयोबाचा. अंगभर गळवं, राखेत बसून खापरीनं अंग खरवडतोय. मित्र येतात आणि विद्वत्तापूर्ण समीक्षा करतात : तू काहीतरी केलं असशीलच. ईयोब हटत नाही. मी केलं नाही, म्हणतो. आणि एका जागी तो कबरेच्या सडीला बाप म्हणतो, किड्यांना आई आणि बहीण म्हणतो. मला वाटतं सबंध पुस्तकात सडीकडं इतक्या जवळून दुसरं कुणी बोललेलं नाही. तो तिच्यापासून पाप वेगळं काढतो आणि तिच्याशी नातं जोडतो. सडीला पापाची खूण म्हणणारे मित्र शेवटी देवाचीच बोलणी खातात. कथाकारानं हे मुद्दाम केलंय.

दुसरी बाजू साठवणाऱ्यांची. रानात मान्ना पडायचा. माणशी एक ओमर मापाचा. काहींनी सकाळपर्यंत राखून ठेवला, त्याला किडे पडले, घाण सुटली. फक्त शब्बाथासाठी राखलेला टिकला. म्हणजे सड इथं पहारेकरी आहे, कोठार भरणाऱ्यावर नेमलेली. ज्यांनी पडाचं मांस मीठ लावून उन्हात वाळवून चान्या केल्या, चार महिने पुरवल्या, त्यांना राखून ठेवण्यातला फरक शिकवायला नको. पोटासाठी राखणं आणि दुसऱ्याचं दाबून ठेवणं, ह्या दोन गोष्टी आहेत. याकोबाच्या पत्रात हे उघडच येतं. श्रीमंतांनो, तुमची संपत्ती सडलीय, कापडं कसरीनं खाल्लीत, सोन्याचांदीला गंज चढलाय आणि तोच गंज तुमचं मांस खाणार. सोन्याला गंज चढत नाही हे काय याकोबाला ठाऊक नव्हतं? पण लगेच पुढं तो कारण सांगतो : शेत कापणाऱ्यांची मजुरी तुम्ही अडवलीत, आणि ती मजुरी ओरडतेय. न दिलेल्या पैशाला सड लागते. सोन्यालाही. ही प्रतिमा रसायनशास्त्रात बसत नाही, हजेरीपटात बरोबर बसते.

चुना लावलेल्या कबरींचं तर सगळ्यांना माहीत आहे. मराठी बायबलात येशू 'शास्त्री आणि परूशी' ह्यांना बोल लावतो. मूळ शब्द लेखणीवाल्यांचा, पण भाषांतरात 'शास्त्री' आला आणि आपल्या कानाला जे ऐकू यायचं ते आलं! एक बारकावा मात्र निसटतो. कबरींना चुना लावायचे तो सणाआधी, परक्या वाटसरूचा पाय पडून त्याला विटाळ होऊ नये म्हणून. ती धोक्याची खूण होती. येशू तिलाच शोभा म्हणतो. इशाऱ्याचा रंग सभ्यतेचा रंग झाला. मराठीत 'चुना लावणे' म्हणजे फसवणे, हा योगायोग भाषांतरकाराला फुकटात मिळाला.

लाजराची गोष्ट मी सगळ्यात जास्त वेळा वाचलीय. येशू म्हणतो धोंड काढा. मार्था त्याला अडवते : चार दिवस झालेत, वास येत असेल. कथेत ती हळवी, भक्तिमान बाई आहे, पण वासाचं बोलायला लाजत नाही. योहानाला हे वाक्य गाळता आलं असतं. गाळलं असतं तर चमत्कार स्वच्छ झाला असता, आणि खोटा. इटलीतल्या पादुआच्या प्रार्थनामंदिरात जोत्तोनं सुमारे १३०५ साली हा प्रसंग रंगवला, तेव्हा त्यानंही नाकातोंडावर पदर ओढलेली माणसं काढली. पुढच्याच अध्यायात त्याच बेथानीत मरीया सुगंधी तेल ओतते आणि घर वासानं भरतं. घाण आणि सुगंध योहानानं शेजारी ठेवलेत.

पण माझं लक्ष दुसरीकडं जातं. धोंड कुणी काढली? हाक येशूनं मारली, लाजर बाहेर आला, हातपाय बांधलेला. मग येशू म्हणतो, सोडा ह्याला. तो वास नाकात घेऊन, ती पट्टी हातानं सोडणारी माणसं कोण? नावं नाहीत. त्यांना सात दिवसांचा विटाळ धरला की नाही, तेही नाही. 'मार्क'मध्ये येशू स्वतः हात लावतो, कोडी माणसाला, मेलेल्या पोरीला, ते मला ठाऊक आहे आणि तेही थोडं नाही. हाग्गय संदेष्ट्याच्या हिशेबात विटाळ शिवण्यानं पसरतो, पावित्र्य पसरत नाही. 'मार्क'नं तो हिशेब फिरवला. पण धोंडेपाशी काम बिननावाच्या हातांचंच राहिलं, आणि दोन हजार वर्षांच्या प्रवचनांत त्यांची फारशी चौकशी झालेली नाही.

पौल सड संपवूनच टाकतो. करिंथकरांना लिहिताना तो शरीराला पेरलेलं बी म्हणतो : सडणारं पेरलं जातं, न सडणारं उठतं. मराठीत इथं 'विनाशीपण, अविनाशीपण' असं आलं आणि मातीचा वास पार गेला. ज्यानं पेरणी केलीय तो ह्यावर थोडं हसेल. सडलेलं बी उगवत नाही, ते सडतंच. उगवतं ते जवळच्या सडलेल्या खतावर.

आणि खत बायबलात आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात, चार ओळींत. मळ्यात अंजिराचं झाड, तीन वर्षं फळ नाही. मालक म्हणतो तोडा, जागा कशाला अडवतंय? मळ्यात राबणारा माणूस म्हणतो, मालक, हे साल राहू द्या, मी भोवती खणतो, शेणखत घालतो. इतक्या मोठ्या पुस्तकात सडीचा उपयोग माहीत असलेला मला सापडलेला हा एकच माणूस, आणि तो मजूर आहे. मालक काय म्हणाला ते लूकनं लिहिलेलं नाही.