खरं मांस आणि उमरावाचे बूट

आज आपण निसर्गवादी नाटकाबद्दल बोलणार आहोत. नावावरून डोंगर-झाडं डोळ्यांपुढे येतात, पण इथे 'निसर्ग' म्हणजे निसर्गविज्ञानाची दृष्टी. आनुवंशिकता आणि भोवतालची परिस्थिती माणसाला कशी घडवते, हे नाटकाने शास्त्रज्ञाच्या नजरेने तपासावं, असा एमिल झोलाचा आग्रह होता. १८७३ मध्ये त्याने स्वतःची 'तेरेझ राकँ' ही कादंबरी रंगमंचावर आणली, ती याच हेतूने.

पुढे १८८७ मध्ये आंद्रे आंत्वान या गॅस कंपनीतल्या कारकुनाने पॅरिसमध्ये 'तेआत्र लीब्र' सुरू केलं. दुसऱ्याच वर्षी त्याने एका नाटकात खाटकाच्या दुकानासाठी खरं मांस टांगलं. निसर्गवाद म्हटलं की आजही सगळे हेच मांस आठवतात. आणि बघा, इथेच आपली फसगत होते. ते मांस नुसतं दिसतं. ते कुणाला काही करायला लावत नाही.

आता स्ट्रिंडबर्गचं 'मिस ज्युली' घ्या, तेही १८८८ चंच. उमरावाच्या वाड्यातलं स्वयंपाकघर, उन्हाळ्यातल्या सणाची रात्र. उमराव स्वतः रंगमंचावर येतच नाही. त्याचे बूट तेवढे दिसतात आणि बोलावण्याची घंटा असते. त्याच्या मुलीशी बरोबरीने वागलेला नोकर ज्यां, घंटा वाजताच पुन्हा नोकर होतो. परिस्थिती माणसावर राज्य करते, ती अशी. मग बूट चामड्याचे असोत की पुठ्ठ्याचे!

पण सगळं परिस्थितीच ठरवत असेल, तर माणसाच्या हाती काय उरलं? ज्युलीच्या शेवटाची कारणं स्ट्रिंडबर्ग प्रस्तावनेत एकेक करून मांडतो: आईचा स्वभाव, वडिलांनी केलेलं संगोपन, सणाची धुंदी. नाटक मात्र या यादीपुढे जातं. वस्तरा घेऊन बाहेर पडण्याआधी ज्युली ज्यांलाच सांगते, मला हुकूम कर. म्हणजे शेवटचा हुकूमसुद्धा तिने मागून घेतलेला आहे. तिला आपण नुसती बळी म्हणू शकत नाही.

हाउप्टमनच्या 'विणकर' नाटकातही तेच. १८४४ मधलं सायलेशियातल्या विणकरांचं बंड. उपासमार सगळ्यांची सारखीच, पण म्हातारा हिल्झ बंडात जायला नकार देतो, मागावर बसून राहतो आणि तिथेच गोळी लागून मरतो. त्याचं चुकलं की बरोबर होतं, हे नाटककार सांगत नाही.

म्हणून आपण असं म्हणू: निसर्गवादाने माणूस परिस्थितीने बांधलेला आहे, हे दाखवायचं ठरवलं. त्याची नाटकं आज जिवंत वाटतात, ती मात्र त्या बंधनातही जिथे माणूस पुरता हिशेबात बसत नाही, तिथे.