कृत्रिम अस्थिपूरके : ‘पर्याय’ या संज्ञेची चिकित्सा

अस्थिभंगाच्या उपचारात वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम भरणद्रव्यांचा उल्लेख वैद्यकीय वाङ्मयात सर्रास ‘हाडाचा पर्याय’ असा केला जातो. ही संज्ञा सोयीची असली तरी ती जेवढे सांगते त्याहून अधिक गृहीत धरते.

मोडलेल्या हाडातील पोकळी भरण्यासाठी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा अंश काढून तेथे बसविणे ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. त्या अंशातून नव्या हाडाला वाढण्यासाठी सांगाडा, हाड घडविणाऱ्या जिवंत पेशी आणि त्या पेशींना चेतना देणारी प्रथिने अशा तीन गोष्टी मिळतात. कॅल्शियम सल्फेट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, हायड्रॉक्सीॲपटाइट ही द्रव्ये यांपैकी प्रामुख्याने सांगाडाच पुरवितात.

हा सांगाडाही किती काळ टिकावा, हा प्रश्न जुनाच आहे. जर्मन शल्यविशारद ड्रेसमन यांनी १८९२ मध्ये हाडातील पोकळ्या भरण्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस वापरल्याची नोंद केली. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेटच. ते काही आठवड्यांतच विरघळू लागते आणि नवे हाड तयार होण्यापूर्वीच आधार नाहीसा होण्याचा धोका राहतो. याउलट घट्ट भाजलेले हायड्रॉक्सीॲपटाइट वर्षानुवर्षे तसेच राहते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या दोहोंच्या मध्ये बसते. द्रव्याने केवळ पोकळी भरून चालत नाही. हाड येईल त्या गतीने त्याने जागा सोडावी लागते. ‘पर्याय’ या शब्दात ही अपेक्षा कोठेच सूचित होत नाही.

तथापि या द्रव्यांना सरसकट दुय्यम ठरविणेही अन्यायाचे होईल. रसेल व लेटन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री तुलनात्मक अभ्यासात गुडघ्यालगतच्या नडगीच्या टोकाचे १२० अस्थिभंग घेतले होते. त्यांत सांध्याचा पृष्ठभाग पुन्हा खचण्याचे प्रमाण कॅल्शियम फॉस्फेट सिमेंट वापरलेल्या गटात रुग्णाचे स्वतःचे हाड वापरलेल्या गटापेक्षा कमी आढळले. शिवाय कमरेवरची दुसरी जखम टळते, ती वेगळीच. ज्याने ती वेदना सोसली आहे त्याला हा लाभ किरकोळ वाटणार नाही.

मात्र हे सर्व अस्थिभंग ताजे आणि बंद स्वरूपाचे होते. येथे पोकळीभोवती रक्तपुरवठा असलेले जिवंत हाड असते आणि सिमेंटकडे मुख्यतः आधार देण्याचे काम असते. महिनोन्महिने न जुळलेल्या अस्थिभंगात स्थिती निराळी असते. तेथे उणीव बहुधा पेशींची, चेतनेची वा रक्तपुरवठ्याची असते आणि निव्वळ सांगाड्याने ती भरून निघत नाही. त्यामुळे पहिल्या परिस्थितीतील यश दुसरीच्या समर्थनार्थ पुढे करणे अशास्त्रीय ठरते. अमेरिकेत अशी अनेक उत्पादने पूर्वीच्या उत्पादनाशी ‘तत्त्वतः समतुल्य’ म्हणून बाजारात येतात. त्यांच्यासाठी रुग्णांवरील स्वतंत्र चाचणी दरवेळी सक्तीची नसते. अशा द्रव्यांना ‘पोकळीपूरक’ म्हणणे अधिक नेमके होईल.