विवेकनिष्ठ उपचारपद्धतीतील 'वर्तन' : एक चिकित्सा

अल्बर्ट एलिस (१९१३-२००७) यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती ही बोधात्मक वर्तनोपचाराची एक आद्य शाखा होय. घटना नव्हे, तर घटनेविषयीची धारणा मनुष्यास अस्वस्थ करते, हे तिचे मध्यवर्ती सूत्र. प्रस्तुत टिपणात या सूत्राची मर्यादा एलिस यांच्याच उदाहरणाने तपासली आहे.

तरुण एलिस यांना अपरिचित स्त्रियांशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, वयाच्या १९व्या वर्षी न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात त्यांनी महिनाभरात सुमारे १०० स्त्रियांशी संभाषण केले. एकीनेच भेटण्याचे मान्य केले. तीही आली नाही. भीती मात्र ओसरली. नकार म्हणजे सर्वनाश, ही धारणा केवळ चिंतनाने नव्हे, तर नकाराच्या प्रत्यक्ष अनुभवाने खोटी ठरली.

एलिस रुग्णांना प्रथमपासून असे कृतिपाठ देत, हे खरे. परंतु पद्धतीच्या नावात 'वर्तन' हा शब्द आला तो १९९३ मध्ये. मराठीत तर 'विवेकनिष्ठ' हेच विशेषण अधिक रूढ झाले. त्यामुळे चिंताग्रस्ताच्या वाट्याला बहुधा 'विचार बदला' एवढाच उपदेश येतो. तसे करूनही भीती न गेल्यास तो स्वतःलाच दोषी ठरवितो. वस्तुतः चिंतेचे पोषण टाळण्यातून होते. टाळलेला प्रसंग धारणेची परीक्षाच होऊ देत नाही. म्हणून कृतिपाठ वगळलेला विवेकोपदेश हा एलिस यांच्या पद्धतीचा अर्धाच परिचय ठरतो.