न्यूयॉर्कात बसून वाचलेली इंग्रजांची खतावणी

मागं सुट्टीत पावसला गेलो तेव्हा आमच्या वाडीत दोन पोरांचं जुंपलं होतं. एक म्हणत होता, इंग्रज आले म्हणून आपण माणसात आलो. त्याच्या मोबाइलवर मेकॉलेचा फोटो, खाली निळ्या अक्षरात जयजयकार. दुसरा कॉलेजात जातो. त्याला तिथं कुणीतरी ऐकवलं होतं की तुमचे आंबेडकर म्हणजे इंग्रजांचा माणूस. ह्याला उत्तर सुचलं नव्हतं, तो राग तो पहिल्यावर काढत होता. मी दोघांना विचारलं, बाबासाहेबांनी इंग्रजांच्या राज्यावर पहिल्यांदा काय लिहिलं ते वाचलंय का? दोघंही गप्प. दोन वर्षांपूर्वी कुणी मला विचारलं असतं तर मीही गप्पच बसलो असतो.

'ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि अर्थव्यवहार' हा बाबासाहेबांचा एम.ए.चा प्रबंध. साल १९१५, मुक्काम न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. शासनाने १९८९ साली काढलेल्या इंग्रजी सहाव्या खंडात तो पहिलाच आहे, 'रुपयाचा प्रश्न'च्या आधी. जेमतेम पन्नासेक पानं. मला तीन महिने लागले. दहावीनंतर शाळा सुटली, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो, आणि सूतगिरणीत रिंगफ्रेमवर रात्रपाळी करून आल्यावर जे दोन तास झोपेतून काढता येतात त्यात हे वाचन. तेव्हा विद्वानांनी माझ्याकडून फार अपेक्षा धरू नये. पण आपल्यातल्या किती जणांनी हा खंड जयंतीला हार घालण्यापलीकडे उघडलाय, हेही एकदा विचारलं पाहिजे.

लिहिणारा २४ वर्षांचा आहे. म्हणजे माझ्याच वयाचा. मला हे सारखं आठवत होतं.

इंग्रजांवर लिहायला तो अमेरिकेत बसलाय, ही गोष्ट छोटी नाही. त्यावेळी आपल्याकडचा शिकलेला माणूस इंग्लंडकडं दोनच तऱ्हेनं बघायचा. एक तर साहेब मायबाप, नाहीतर साहेब म्हणजे आपली गेलेली पेशवाई बुडवणारा चोर. पहिल्याला पगार होता, दुसऱ्याला हरवलेली गादी होती. अमेरिकेनं इंग्लंडशी भांडण केलं ते कशावरून? कराच्या पैशावरून. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या, तो चहा ह्याच ईस्ट इंडिया कंपनीचा होता! आणि ज्या कॉलेजात बाबासाहेब शिकले त्याचं १७५४ सालचं नाव 'किंग्ज कॉलेज'. इंग्रजांचं राज्य झुगारल्यावर १७८४ साली त्यांनी राजाचं नाव पुसून 'कोलंबिया' लिहिलं. अशा वर्गात इंग्लंडचं नाव निघालं की कुणी उठून उभं राहत नसणार. त्यांचे शिक्षक सेलिग्मन, विषय सार्वजनिक पैसा आणि कर. कर कोण लावतो, तो शेवटी कुणाच्या खांद्यावर पडतो, आणि जमलेला पैसा जातो कुठं. मला वाटतं, प्रबंधाचा सांगाडा ह्याच सवालांचा आहे.

म्हणून ह्यात शिवी नाही, आरतीही नाही. खतावणी आहे. एका बाजूला जमा: जमिनीचा सारा, अफू, मीठ, जकात. दुसऱ्या बाजूला खर्च. पानंच्या पानं आकडे. पहिल्यांदा मला कंटाळा आला, लपवत नाही. मग एके सकाळी पाळी सुटल्यावर पगाराची चिठ्ठी हातात होती आणि एकदम उजेड पडला. आपण चिठ्ठी कशी वाचतो? वरचा मोठा आकडा सोडून सरळ कपातीच्या रकान्याकडं जातो. हा पोरगाही तसंच करतोय. कंपनी सांगते आम्ही एवढा मुलूख जिंकला, एवढी शांतता आणली. हा म्हणतो, ते राहू द्या, कपात दाखवा.

कपात बघा. १८३३ साली कंपनीचा व्यापार बंद झाला, दुकानाला टाळं. पण तिच्या भागीदारांना दरसाल साडेदहा टक्के नफा मिळत राहील असं पार्लमेंटनं ठरवलं, ६० लाख पौंडांच्या भांडवलावर वर्षाला ६ लाख ३० हजार पौंड. व्यापारच नाही तर नफा कुठला? हिंदुस्थानच्या महसुलातून! पुढं १८५७ चं बंड मोडायला जो खर्च आला तो हिंदुस्थानच्याच नावावर. १८५८ साली राणीनं राज्य घेतलं, कंपनीचं कर्ज मात्र इथल्या रयतेच्या डोक्यावर तसंच राहिलं. मारणाऱ्याची मजुरी मार खाणाऱ्यानं द्यायची.

आणि 'होम चार्जेस'. हा शब्द मला डिक्शनरीत बघून कळेना. निवृत्त साहेबांची पेन्शनं, कर्जाचं व्याज, लंडनच्या कचेरीचा खर्च, हे सगळं इथून तिथं पौंडात धाडायचं. रत्नागिरीच्या माणसाला हे एका शब्दात सांगता येतं: मनीऑर्डर. आपला जिल्हाच मनीऑर्डरवर जगला. बाप मुंबईला गिरणीत, आणि गावात म्हातारी पोस्टमनची वाट बघत ओट्यावर. पण आपली मनीऑर्डर शहरातून गावाकडं यायची. ही उलटी. उपाशी गावानं दर महिन्याला शहरातल्या शेटला मनीऑर्डर करायची, आणि पोस्टाचा खर्चही आपलाच.

वाडीतल्या आबांना मी हे वाचून समजावलं. त्यांच्या चुलत्यानं फौजेची पेन्शन खाल्लेली, त्यामुळे साहेबाविरुद्ध ते पटकन ऐकून घेत नाहीत. बराच वेळ विडी ओढत बसले. मग म्हणाले, "म्हंजे आपला खोत हितं ऱ्हायचा नि त्यांचा इलायतेला, येवडाच फरक."

प्रबंधाच्या शेवटी पोरगा जमाखर्च ओढतो: आर्थिक बाजूनं पाहिलं तर हिंदुस्थाननं इंग्लंडला दिलं ते अफाट, इंग्लंडनं हिंदुस्थानला दिलं ते शून्यापाशी. इंग्रजांचा माणूस असं लिहितो का रे? आणि पुढं तो गोलमेज परिषदेत, १९३० साली, लंडनमध्येच, साहेबांच्या तोंडावर विचारतो की तुमच्या आधी आम्हाला विहीर, देऊळ, पोलिसातली नोकरी बंद होती, तुमच्या राज्यात त्यातलं काय उघडलं? फौजेतली भरती तर ह्याच इंग्रजांनी महारांना १८९० च्या सुमाराला बंद केली होती. मेकॉलेवाल्या मित्रानं हे पाठ करावं.

आता दोष. बाबासाहेबांच्या लिखाणात दोष काढतो म्हणून कुणी माझ्यावर धावून येऊ नये. ह्या प्रबंधात रयत आहे, पण तिला जात नाही. सारा भरणारा म्हणजे सगळे एकाच मापाचे, जणू कुळकर्णी आणि महार एकाच रांगेत उभे राहून सरकारी तिजोरीत पैसे टाकतात. जमीनदारी, रयतवारी ह्यांची चर्चा आहे, पण सारा गोळा होताना मधल्या हातांना काय चिकटतं, आणि ज्याला सारा नाही, जमीन नाही, नुसती वेठ आहे त्याचा रकाना कुठला, ह्याला उत्तर नाही. कोलंबियाच्या चष्म्यातून लंडनची तिजोरी लख्ख दिसली, महारवाडा दिसला नाही. मला हे आधी खुपलं. मग तारखा बघितल्या. पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, त्याच न्यूयॉर्कात त्यांनी जातींवरचा निबंध वाचला. म्हणजे रिकामा रकाना त्यांनाही दिसला असावा. आणि १९२९ ला चिपळूणला शेतकऱ्यांची परिषद, १९३७ ला मुंबईच्या असेंब्लीत खोती मोडायचं बिल. १९१५ च्या प्रबंधात नसलेला खोत तिथं पुराव्यानिशी उभा केलाय. हे बिल मला ह्या प्रबंधाचं राहिलेलं प्रकरण वाटतं. खोती कायद्यानं जायला पुढं १९४९ साल उजाडलं.

अमेरिकन डोळा म्हणजे काही जादू नव्हे. १९२७ साली कॅथरीन मेयो नावाची अमेरिकन बाई 'मदर इंडिया' लिहून गेली. तिनंही इंग्रजांचं राज्य बघितलं, अस्पृश्यही बघितले. पण तिला अस्पृश्य हवा होता तो इंग्रजांच्या राज्याला दाखला म्हणून. गांधींनी तिच्या पुस्तकाला गटार तपासणाऱ्याचा अहवाल म्हटलं. गटार साफ कोण करतं हे त्या भांडणात फार थोड्यांनी विचारलं. मेयो अमेरिकेतूनच आली आणि साहेबाच्या खुर्चीशेजारी बसली. बाबासाहेब अमेरिकेत शिकले आणि साहेबाची खतावणी उघडून बसले.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेच्या भल्या लोकांना अर्पण केली, निग्रोंना गुलामीतून सोडवलं म्हणून. पुण्यात बसून त्यांनीही अमेरिकेकडं बोट दाखवून इंग्रजाला विचारलं, त्यांनी केलं ते तू का करत नाहीस? तो काळ अमेरिकेतही आशेचा होता. चारच वर्षांत, १८७७ ला, दक्षिणेतल्या काळ्यांना पुन्हा जुन्या मालकांच्या हवाली केलं गेलं. बाबासाहेब न्यूयॉर्कात प्रबंध लिहीत होते त्याच १९१५ साली काळ्यांची नालस्ती करणारा 'बर्थ ऑफ ए नेशन' हा सिनेमा तिथं धो धो चालत होता. म्हणजे ज्या काचेतून इंग्रज स्वच्छ दिसला तिलाच तडा होता. त्यांना तो माहीत नव्हता असं नाही. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतल्या काळ्यांचे पुढारी ड्यू बॉईस ह्यांना पत्र धाडलं ते कोलंबियाची आठवण काढायला नव्हे, काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडं केलेल्या अर्जाची प्रत मागायला.

त्या दोघा पोरांना मी खंड देऊन आलोय. कॉलेजवाला वाचून दाखवणार, मेकॉलेवाला डिक्शनरी धरणार, असं ठरलंय. पहिल्या आठवड्यात चार पानं झाली असा फोन आला. पुढच्या अंकात 'रुपयाचा प्रश्न'वर लिहीन म्हणतो. लंडनच्या परीक्षकांनी १९२३ साली तो प्रबंध बदलून मागितला होता, न्यूयॉर्कात असं काही झालं नव्हतं, तिथून सुरुवात करीन. पाळी बदलली तर.

जयभीम.