झोपडीखालची जमीन

दलित समीक्षेने कथा, कविता आणि आत्मकथन यांची पुष्कळ चिकित्सा केली. परंतु ज्या मराठी गद्याने दलित-आदिवासींच्या जगण्यावर सर्वाधिक परिणाम केला, त्याच्याकडे ती फारशी वळली नाही. मी शासन निर्णयाच्या गद्याविषयी बोलतो आहे. आदिवासींसाठी निघालेल्या योजनांचे कागद मी काही वर्षे वाचतो आहे आणि एक प्रश्न मला सारखा छळतो. या कागदांतला आदिवासी कोण आहे? त्याच्याजवळ घर बांधायला स्वतःची जागा आहे, जातीचा जुना पुरावा आहे आणि तो बारा महिने एकाच पत्त्यावर सापडतो. असा आदिवासी मी नवी मुंबईच्या आसपास शोधला. पनवेल-उरणच्या वाड्यांवर मला जो कातकरी भेटला त्याच्याजवळ या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती.

खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. इंग्रजांनी 1878 च्या कायद्याने जंगल राखीव केले आणि त्याचा धंदा हिरावला. पुढे तो मुंबईच्या चुलींसाठी कोळसा पाडू लागला. आज तो वीटभट्टीवर आहे. पावसाळा संपला की उचल घ्यायची, बायकापोरांसह भट्टीवर जायचे आणि पुन्हा पावसाच्या तोंडावर वाडीवर परतायचे. ज्या शहराच्या भिंती त्याने थापलेल्या विटांनी उभ्या राहिल्या, त्या शहराच्या नकाशात त्याची वाडी नाही.

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 रोजी झाली आणि ठाणे-रायगडमधील 95 गावांच्या जमिनींवर नवे शहर उभे राहिले. भूमिपुत्रांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण दिले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व मान्य झाले. हा लढा मोठा होता आणि त्याचा मला आदर आहे. परंतु त्या तत्त्वाचे माप जमीन हे होते. जितकी जमीन गेली तितका भूखंड मोठा. सातबाऱ्यावर ज्याचे नावच नव्हते त्याचे काय गेले, हे मोजण्याचे माप कोणी तयार केले नाही. शेतमालकाच्या बांधावर, खाडीच्या कडेला, डोंगराच्या उतारावर तो पिढ्यान् पिढ्या राहिला. महसुली दप्तरात मात्र तो कोठेच राहत नव्हता.

येथे कोणी म्हणेल, आदिवासींसाठी स्वतंत्र निधी आहे ना? आहे. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आली. सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर 1993-94 पासून महाराष्ट्राने राज्य योजनेचा 9 टक्के वाटा आदिवासींसाठी बाजूला ठेवण्याचे धोरण स्वीकारले. कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकऱ्याला ‘आदिम जमात’ म्हटले गेले. पुढे केंद्राने 2006 मध्ये ‘आदिम’ हा शब्द काढून ‘विशेष असुरक्षित’ असा शब्द आणला. शब्द सुधारला, झोपडी तीच राहिली. 15 नोव्हेंबर 2023 रोजी ‘पीएम-जनमन’ ही मोहीम अशा 75 समूहांसाठी सुरू झाली. तिची तरतूद 24,104 कोटी रुपयांची. आकडे लहान नाहीत, म्हणून ‘निधी कमी’ एवढीच तक्रार मी करणार नाही. निधी ज्या दारातून आत यायचा, ते दारच कातकऱ्याच्या घराला नाही, ही माझी तक्रार आहे.

एका वाडीवरच्या बाईबरोबर मी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. घरकुलाचा अर्ज होता. कारकुनाने विचारले, “जागा कोणाच्या नावावर?” ती म्हणाली, “मालकाच्या.” कारकून हसला. “मग घरकुल मालकाला द्यायचं का?” ती हसली नाही. “माझा सासरा तिथंच जन्मला, तिथंच मेला,” एवढेच म्हणाली. हे वाक्य लिहायला अर्जात रकाना नव्हता. कारकून दुष्ट नव्हता. तो कागद जसा होता तसा वाचत होता. दोष वाचणाऱ्याचा थोडा, लिहिणाऱ्याचा फार.

जागा नसेल तर जागा घ्यायला पैसे देणारी योजनाही 2015 मध्ये निघाली. सुरुवातीची मर्यादा होती 50 हजार रुपये. विमानतळाच्या बातमीनेच जेथे गुंठ्याचे भाव चढले, त्या पनवेल तालुक्यात 50 हजारांत काय मिळते हे वाचकाला सांगायला नको. शिवाय 1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेल महानगरपालिका झाली. हद्दीत आलेल्या गावांचा माणूस त्या दिवसापासून नागरी झाला आणि ग्रामीण योजनेच्या कागदातून बाहेर पडला. त्याचे छप्पर मात्र पालिकेने बदलले नाही.

पुढे जातीच्या दाखल्याची पडताळणी. अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याचा आजा शाळेत गेला नाही, ज्याची जमीन नव्हती, त्याने कोणता कागद आणावा? आणि भूगोलानेही त्याला बाहेरच ठेवले. रायगड जिल्हा पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात नाही. म्हणून पेसा कायदा येथे लागू नाही. 2015 पासून पेसा ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेचा जो 5 टक्के निधी थेट मिळू लागला, तोही येथे येत नाही. म्हणजे जातीने सर्वांत मागासलेला, पण राहण्याच्या ठिकाणामुळे अपात्र!

आणि जो निधी आहे तो तरी सुरक्षित आहे काय? 2004 ते 2009 या काळातील आदिवासी विकास विभागाच्या योजनांतील गैरव्यवहारांची चौकशी न्यायमूर्ती गायकवाड समितीला करावी लागली. मे 2025 मध्ये आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी 70 लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये ‘लाडकी बहीण’ योजनेकडे वळवल्याचे उघड झाले. त्या-त्या वर्गातील बहिणींनाच तो पैसा जातो, असे समर्थन झाले. पण घर, शाळा आणि दवाखान्यासाठी राखलेला हक्काचा पैसा महिन्याच्या मदतीत मोजला, की हक्क संपतो आणि मेहेरबानी उरते. या दोन आकड्यांतला एक आदिवासींचा आणि दुसरा आपला आहे, हे दलित वाचकाने ध्यानात ठेवावे.

सरकार म्हणते, जमीन नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ठाकरांची ती वाडी. 27 मृतदेह हाती आले, 57 माणसे सापडलीच नाहीत. त्यानंतर मात्र चौक परिसरात जागा मिळाली आणि सिडकोनेच तेथे 44 घरे बांधली. याचा अर्थ काय? जमीन होती. नियमही वाकत होते. त्यासाठी 84 माणसांना मरावे लागले. मरणानंतर जी जमीन सापडते ती जिवंतपणी का सापडत नाही, याचे उत्तर धोरण लिहिणाऱ्यांनी दिले पाहिजे.

प्रश्न आपल्यालाही आहे. पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दात आदिवासी आणि भूमिहीन यांना घेतले. ती व्याख्या आपण सभांतून पाठ म्हणतो. कातकरी वाडीवर किती वेळा गेलो? बाबासाहेबांनी याच कोकणातील खोतीविरुद्ध 1937 मध्ये विधेयक मांडले. दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभारले. आपल्या चळवळीचा पाया जमिनीच्या प्रश्नात आहे. आपण तो स्मारकांच्या प्रश्नात हलवला.

म्हणून मागणी एकच आणि साधी ठेवावी. नवी योजना नको. आधी वाडीखालची जमीन त्या वाडीच्या नावावर करा. गावठाणाची हद्द ठरवण्याचा अधिकार 1966 च्या महसूल संहितेने जिल्हाधिकाऱ्याला दिलेला आहे. जमीन खासगी असेल तर सरकारने ती घ्यावी. विमानतळासाठी जमीन घेता येते, तर दहा झोपड्यांसाठी का येत नाही? ते झाले म्हणजे घरकुल, नळ, दिवा यांच्या कागदांना लागायला एक दार तरी मिळेल. विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी या सुट्टीत एवढे करावे: जवळच्या वाडीवर जावे, किती झोपड्या आहेत आणि कोणाच्या जमिनीवर आहेत ते लिहून काढावे, आणि ती यादी घेऊन वाडीच्या माणसांबरोबर तहसीलदारापुढे उभे राहावे. बोलायचे त्यांनी. आपण शेजारी उभे राहायचे.